प्रत्येक सिलिंडरला स्वतःची झडप

आयटीबी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी (पेडलच्या हुकमाने हवा आत सोडणारी झडप), लावायच्या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॉवर किती वाढणार? माझ्या दोन लिटरच्या, चार सिलिंडरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनासाठी मी सध्या आयटीबी निवडतोय आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येकाने विचारला. माझं उत्तर आता पक्कं झालंय. निव्वळ पॉवरसाठी आयटीबी घेऊ नयेत. कंपनीचा साधा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), साधा हेड असलेल्या इंजिनावर त्या चढवल्या तर वरच्या आरपीएमला थोडंफार मिळेल, पण नीट डिझाइन केलेला लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा जोड) मधल्या आरपीएमच्या टॉर्कमध्ये त्यांना सहज मागे टाकू शकतो. आयटीबी घ्यायच्या त्या दोन गोष्टींसाठी. एक, पाय हलला की त्याच क्षणी इंजिनाने उत्तर द्यावं म्हणून. दुसरं, एरवी आयडलला, म्हणजे रेस न देता, उभाच राहणार नाही असा कॅम माणसात यावा म्हणून.

पहिली गोष्ट समजायला सोपी आहे. नेहमीच्या इंजिनात थ्रॉटल एकच. त्याच्यामागे प्लेनम, म्हणजे हवेची एक सामाईक पेटी, आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे एक नळी. एका टाकीवर चार नळ बसवावेत तसा हा संसार. पाय सोडलेला असताना त्या पेटीतला दाब बाहेरच्या १०० किलोपास्कलच्या तुलनेत ३०-४० वर आलेला असतो. रेस दिली की आधी ती पेटी भरायला हवी, मग सिलिंडरला पोटभर हवा. चार सिलिंडरच्या इंजिनात २००० आरपीएमला दर १५ मिलिसेकंदांनी एक सिलिंडर हवा ओढतो. पेटी भरेपर्यंत त्यातले काही घास अर्धपोटी जातात. सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजण्याची ही दिरंगाई आहे, पण पायाला ती कळते. वळणाच्या मध्यावर गाडीचं वजन एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सरकवताना तर फारच कळते.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती वरवर पाहून दिसत नाही. आयटीबीत झडप आणि इनटेक व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हवेची अगदी थोडी जागा उरते, एका नळीपुरती. सिलिंडरने घास घेतला की त्या नळीतला दाब पडतो. पण पुढचे तीन स्ट्रोक तो व्हॉल्व्ह बंद असतो आणि तेवढ्या वेळात झडपेच्या फटीतून येणारी हवा ती इवलीशी जागा पुन्हा भरून काढते. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा नळीतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ पोचलेला असतो. आता मोठा कॅम डोळ्यांसमोर आणा. त्याच्या ओव्हरलॅपमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बराच काळ उघडे राहतात. प्लेनममध्ये निर्वात असेल तर जळलेला वायू एक्झॉस्टकडून मागे ओढला जातो, पेटीत मिसळतो आणि शेजारच्या सिलिंडरच्या वाट्यालाही जातो. इंजिन डुलतं, मिसिंग मारतं, बंद पडतं. आयटीबीत व्हॉल्व्ह उघडताना नळीत निर्वात फारसं नसतंच, त्यामुळे मागे ओढायला जोर नाही. आणि जे काही मागे आलं ते ज्याचं त्याच्याकडेच राहतं. म्हणून मी आधी कॅम ठरवला आणि मग थ्रॉटल बॉडीकडे वळलो. हा क्रम उलटा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या कंपन्यांनी आयटीबी वापरल्या त्याही याच हिशेबाने. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाची टर्बो नसलेली इंजिनं यासाठीच ओळखली जात. पहिल्या एम३ च्या चार सिलिंडरपासून २००५ च्या एम५ मधल्या पाच लिटरच्या व्ही१० पर्यंत, जितके सिलिंडर तितक्या झडपा. टोयोटाने ४ए-जीई इंजिनाच्या वीस व्हॉल्व्हच्या आवृत्तीला चार थ्रॉटल दिले. तेही अवघ्या १.६ लिटरच्या, रोजच्या वापरातल्या गाडीच्या इंजिनाला. लेक्सस एलएफएचं ४.८ लिटरचं व्ही१० आयडलवरून ९००० आरपीएमला ०.६ सेकंदात पोचतं. काट्याचा आरपीएम मीटर त्या वेगाला पुरा पडेना म्हणून त्या गाडीला पडद्यावरचा मीटर द्यावा लागला. त्या इंजिनावर दहा थ्रॉटल आहेत. निसानने १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ वर टर्बो असूनही सहा झडपा ठेवल्या. तरी पुढे कित्येक ट्युनरनी त्या काढून एकच मोठा थ्रॉटल बसवला, कारण टर्बोच्या दाबाखाली त्यांचा फायदा आटतो आणि गुंतागुंत तेवढी शिल्लक राहते. बीएमडब्ल्यूच्या एम३ मध्ये २०१४ साली टर्बो आला आणि त्याबरोबर प्रत्येक सिलिंडरची वेगळी झडप गेली. तुमच्या इंजिनावर टर्बो असेल तर हा सगळा खटाटोप करू नका.

आता खरा कळीचा मुद्दा, माप. इथे माणसं हमखास मोठ्याकडे झुकतात, आणि त्यामागे एक जुना घोळ आहे. वेबर डीसीओई कार्ब्युरेटरचा जमाना मोठा होता. चार सिलिंडरला दोन कार्ब्युरेटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला एक भोक. दोन लिटरच्या तयार इंजिनावर ४५ मिमीचे वेबर ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली. म्हणून इंजेक्शनवर जातानाही ४५ च्या थ्रॉटल बॉडी मागवल्या जातात. पण ४५ चा वेबर हा ४५ चा कधी नव्हताच. त्याच्या आत चोक, म्हणजे हवेची वाट आवळणारी नळी असते, आणि ती साधारण ३४ ते ३८ मिमीची. पेट्रोल खेचून घ्यायला हवेचा वेग लागतो, त्यासाठी वाट अरुंद करावीच लागते. ३६ मिमीच्या चोकचं क्षेत्रफळ सुमारे १०१८ चौरस मिमी. ४५ च्या मोकळ्या थ्रॉटल बॉडीचं १५९०. एवढी तफावत असताना दोन्हींवर ४५ चाच आकडा लिहिलेला असतो.

मी कागदावर हिशेब मांडला. दोन लिटर इंजिन, ७००० आरपीएम, सिलिंडर पूर्ण भरतोय असं धरलं तर एका सिलिंडरला मिनिटाला १७५० लिटर हवा लागते, म्हणजे सेकंदाला २९ लिटर. हवा ओढण्याचं काम चार स्ट्रोकपैकी एकातच होतं, म्हणून त्या काळातला वेग सरासरीच्या चौपट धरायचा. ४५ मिमीच्या भोकात तो येतो सेकंदाला ७३ मीटर, ४२ मध्ये ८४, ४० मध्ये ९३. हे ढोबळ आकडे आहेत, प्रत्यक्षात हवा लाटांनी येते. पण तुलना करायला ते पुरतात. वेग असलेली हवा पिस्टन तळाला जाऊन परत फिरला तरी आपल्या जोरावर सिलिंडरमध्ये शिरत राहते. वेग घालवला की मधल्या आरपीएमला हा जोर जातो, आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं सगळं आयुष्य मधल्या आरपीएमलाच जातं.

मोठ्या मापाचा दुसरा त्रास पायाला होतो. चार ४५ मिमी झडपांचं एकूण क्षेत्रफळ एका ६० मिमीच्या थ्रॉटलच्या सव्वादोन पट आहे. झडप पाव भाग फिरवली, म्हणजे साडेबावीस अंश, तर भोकाचा जेमतेम साडेसात टक्के भाग उघडतो. पण चार भोकांचा तो साडेसात टक्के मिळून ४८० चौरस मिमीच्या वर जातो. ६० च्या एका थ्रॉटलमध्ये तेवढ्याच कोनाला २१५ मिळाले असते. म्हणून आयटीबीच्या गाड्या गर्दीत झटके देतात. पाय ठेवला की उडी, उचलला की नाक खाली. यावर उपाय आहे, आणि तो विकत घेताना विचारून घ्यावा: केबलची पुली गोल नको, हळूहळू त्रिज्या बदलणारी हवी, म्हणजे पेडलच्या पहिल्या भागात झडप कमी फिरते आणि पुढे जास्त. मी ४२ मिमी ठरवल्या आणि अशी पुली त्यांच्याबरोबरच मागवली. ज्या मित्राकडून मी ट्युनिंग करून घेणार आहे तो म्हणाला, ‘अरे, पुढे इंजिन अजून तयार केलंस तर?’ मी म्हटलं, तेव्हा बघू. आज जो कॅम आत आहे त्याच्यासाठी घ्यायच्या.

झडपेचा प्रकारही निवडता येतो. सरकत्या फळीची थ्रॉटल असते आणि फिरत्या नळकांड्याचीही. पूर्ण उघडल्यावर दोन्हींत हवेच्या वाटेत काहीच आडवं राहत नाही. रेससाठी त्या उत्तम. पण धुळीने फळी अडकू शकते, आणि थ्रॉटल उघडा अडकणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. रस्त्यासाठी मी साध्या बटरफ्लायवरच, म्हणजे दांड्यावर फिरणाऱ्या तबकडीवरच, थांबलो. तिथेही बघण्यासारखं आहे. ४२ मिमीच्या भोकात ८ मिमीचा गोल दांडा आडवा आला तर चोवीस टक्के वाट दिसायला तरी अडते. तोच दांडा मधल्या भागात घासून ४ मिमी जाडीचा केला असेल तर बारा टक्के. चांगले बनवणारे हे करतात.

मोटरसायकलच्या जुन्या थ्रॉटल बॉडी हा एक चांगला मार्ग आहे, आणि मी तो मनापासून तपासला. चार सिलिंडरच्या मोठ्या मोटरसायकलींना त्या मुळातच असतात, इंजेक्टरसकट. अडचण भोकांमधल्या अंतराची. मोटरसायकलचे सिलिंडर जवळजवळ असतात, गाडीचे लांब, त्यामुळे बॉडी सुट्या करून, मधले दांडे लांबवून जोडाव्या लागतात. काही मॉडेलमध्ये दुहेरी झडपा असतात, त्यातली संगणकावर चालणारी दुसरी काढून टाकावी लागते. एक वापरलेला संच मी घरी आणून उघडला. झडप बंद करून दिव्यासमोर धरली तर कडेला उजेडाची बारीक चंद्रकोर दिसली, दोन भोकांत एका बाजूला जाड, उरलेल्या दोनांत जवळपास नाहीच. दांड्याला बोटाने वर-खाली केलं तर बुशमधली ढिलाई हाताला लागत होती. तबकडीचे दोन इवलेसे स्क्रू मात्र कंपनीने मागून ठोकून फुलवलेले होते, आणि ते पाहून बरं वाटलं. कारण तो स्क्रू सुटला तर त्याच्या आणि पिस्टनच्या मध्ये व्हॉल्व्हशिवाय काही नाही. नवा संच घेतानाही मी आधी हे स्क्रू बघतो. तो जुना संच मी परत केला. दांडा घासलेला असेल तर तिथून हवा चोरून शिरते आणि आयडल कधीच एका जागी बसत नाही.

ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, प्रकरण आयटीबीबरोबर येतंच. बहुतेक साधे ईसीयू मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा किती आली हे ओळखतात. आयटीबीत पंचवीस-तीस टक्के रेसलाच नळीतला दाब बाहेरच्या बरोबरीला येतो, आणि मग पुढच्या सत्तर टक्क्यांत सेन्सरला सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून झडपेचा कोन आणि आरपीएम या दोहोंवर पेट्रोल ठरवतात. याला अल्फा-एन म्हणतात. त्याचा तक्ता करताना रकाने समान अंतराने ठेवू नयेत. ०, १, २, ३, ५, ८, १२, २०, असे सुरुवातीला दाट आणि नंतर विरळ, कारण सगळा बदल पहिल्या वीस टक्क्यांतच होतो. त्यामुळे झडपेचा कोन सांगणारा सेन्सर बिनचूक हवा, त्याचा शून्य सरकता कामा नये. आणि बाहेरचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर हवाच. समुद्रसपाटीला बसवलेला तक्ता १००० मीटर उंचीवर, जिथे दाब ९० किलोपास्कलच्या आसपास असतो, दहा-अकरा टक्के जास्त पेट्रोल ओतेल. काही ईसीयूंमध्ये दाब आणि कोन यांची सांगड घालणारी खास सोय असते. माझ्या मते रस्त्यासाठी तीच घ्यावी.

ब्रेकबद्दल कमी बोललं जातं, म्हणून मुद्दाम लिहितो. ब्रेकच्या सर्व्होला (पायाचा जोर वाढवून देणाऱ्या डब्याला) लागणारं निर्वात इंजिनातून येतं, आणि आयटीबीत ते मिळतं तुटक-तुटक, एका सिलिंडरचं. चारही नळ्यांना छोटी भोकं पाडून, नळ्यांनी एका लहान टाकीला जोडून, प्रत्येकीत एकतर्फी व्हॉल्व्ह बसवून ते साठवावं लागतं. मोठ्या कॅमसोबत तेही कमी पडत असेल तर इलेक्ट्रिक पंप लावावा. सर्व्होला पुरेसं निर्वात मिळतंय हे गेजवर पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

इंजेक्टर कुठे असावा यावर मी फार वेळ घालवला नाही. व्हॉल्व्हजवळ असला की थंड इंजिन आणि कमी आरपीएम नीट चालतं. दूर, तुतारीच्या (थ्रॉटल बॉडीला बाहेरून लावलेल्या पसरट तोंडाच्या नळीच्या) तोंडाशी असला की पेट्रोलला वाफ व्हायला वेळ मिळतो, हवा थंड होते, वरच्या आरपीएमला फायदा होतो. माझी गाडी रोज थंडच सुरू होणार, म्हणून व्हॉल्व्हजवळ.

फिल्टरच्या बाबतीत मात्र मी अडून बसतो. उघड्या चकाकत्या तुताऱ्या दिसायला सुंदर असतात आणि त्यांचा आवाज मलाही वेड लावतो. पाय दिल्याबरोबर पुढून येणारी ती खडखडीत गर्जना हे आयटीबी घेण्याचं कारण असू शकतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण धूळ गेली की रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती जातात. शिवाय बॉनेटखालची हवा गरम असते. २० ऐवजी ५० अंशांची हवा ओढली तर तिची घनता नऊ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे इतक्या कष्टाने मिळवलेलं सगळं तिथेच परत दिलं. बीएमडब्ल्यूने २००३ च्या एम३ सीएसएलवर हवा मोजणारा सेन्सर काढला, पण सहा झडपांच्या तोंडाशी कार्बन फायबरची मोठी पेटी बसवली आणि तिला थंड हवेची वाट दिली. तिचा आवाज आजही लोक आठवतात, म्हणजे पेटीने आवाज मरतो हेही खरं नाही. माझ्या पेटीत तुतारीच्या तोंडापासून समोरची भिंत निदान एका भोकाच्या व्यासाएवढी लांब राहील एवढी काळजी मी घेतलीय.

मग राहतं ते समतोल साधण्याचं काम. हवेचा वेग मोजणारं हातातलं मीटर एकेका तुतारीच्या तोंडाला टेकवायचं, काटा बघायचा, झडपा एकमेकींना जोडणाऱ्या जोडदांड्याचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुढच्या तुतारीवर जायचं. आयडलला प्रत्येक तोंडातून ताशी तीन-चार किलो हवा जाते, आणि चारांत फरक पडला की इंजिन हाताखाली थरथरतं. हे काम इंजिन पूर्ण तापल्यावरच करायचं. ॲल्युमिनियमचा ३०० मिमीचा मॅनिफोल्ड ६० अंशांनी तापला की ०.४ मिमी वाढतो. स्टीलचा जोडदांडा त्याच्या निम्माच वाढतो. आयडलला झडपेची फट इतकी बारीक असते की हा फरक तिथे लगेच दिसतो. थंड इंजिनावर लावलेला समतोल गरम झाल्यावर राहत नाही.

एकच निर्णय अजून बाकी आहे, तुताऱ्यांच्या लांबीचा. व्हॉल्व्ह उघडला की दाब पडल्याची लाट नळीतून बाहेर जाते, उघड्या तोंडाशी उलटते आणि वाढीव दाबाची होऊन परत येते. ती व्हॉल्व्ह बंद होण्याच्या सुमाराला पोचली तर जादा हवा आत ढकलते. व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत ३०० मिमी धरले तर जाऊन-येऊन ६०० मिमी. आवाजाच्या वेगाने १.७५ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात ७००० आरपीएमला क्रँक ७३ अंश फिरतो. हेच ७३ अंश ३५० मिमीला ६००० आरपीएमवर येतात आणि ४०० ला ५२५० वर. माझा कॅम साडेसहा हजारांच्या आसपास खुलतो, पण मला टॉर्क त्याच्या आधीपासून भरलेला हवाय, म्हणून मन ३५० कडे आहे. ४०० ची तुतारी पेटीसकट बसवायला आतल्या पत्र्याशी जागाच उरत नाही, त्यामुळे ती बाद. ३०० आणि ३५० असे दोन्ही संच कातून घेतलेत. इंजिनाची ताकद मोजणाऱ्या डायनोवर एकाच दिवशी, एकाच तापमानाला दोन्ही लावून बघणार आहे, आणि ४००० ते ६५०० या पट्ट्यात ज्याच्या टॉर्कच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ जास्त, तो संच गाडीवर राहील.